अल्बन गिटन्सचा डावा कान

बेल व्ह्यूच्या टेकडीवर एखाद्याला दारू चढली तर लोक त्याला घरी पोचवतात, एखाद्याची बायको पळून गेली तर त्याला जेवू घालतात, आणि एखादा तुरुंगातून सुटून आला तर त्याच्यासाठी बाकावर सरकून जागा करतात. माफी नाही ती एकाच गोष्टीला. बँडचे सूर लावणाऱ्याचा कान गेला, तर त्याचं तोंडसुद्धा कुणी बघत नाही. निदान अल्बन गिटन्सची तशी पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीपायी त्याने स्वतःचं जे करून घेतलं ते एखाद्या वैऱ्यानेही केलं नसतं.

अल्बन तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. तेलाच्या रिकाम्या पिंपांतून सूर काढायचं वेड त्याला सोळाव्या वर्षी लागलं. तेव्हा पोलीस दिसले की पिंपं डोक्यावर घेऊन डोंगर चढून पळायचं, अशी रीत होती. पुढे तीच पिंपं प्रतिष्ठेची झाली, राज्यपालांच्या बागेत वाजली, आणि अल्बन टेकडीचा मास्तर झाला. आमच्या बँडचं एकूण एक वाद्य त्याच्या हातचं. त्यातही त्याचा जीव खर्जावर. खर्जाला पिंपं कापत नाहीत, अख्खीच्या अख्खी उभी ठेवतात. एका वाजवणाऱ्याभोवती सहा, आणि प्रत्येकाच्या तोंडावर तीन-तीन सूर. असे चार संच त्याने वीस वर्षांपूर्वी बनवले होते. बेल व्ह्यूचा खर्ज सुरू झाला की खालच्या रस्त्यावरच्या दुकानातल्या बाटल्या थरथरतात, असं लोक म्हणायचे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

सूर लावायची त्याची एक ढब होती. उजव्या हातात हातोडी, पत्र्यावर एक ठोका, आणि लगेच डावा कान पत्र्याजवळ. वरून ठोकलं की सूर उतरतो, खालून ठोकलं की चढतो. एवढंच गणित, पण ते कळायला कान लागतो. चाळीस वर्षं सगळं ऐकण्याचं काम डाव्या कानाने केलं. उजवा कान नुसता टोपी अडकवायला होता म्हणा ना.

आणि एक नियम होता. मास्तरच्या हातात हातोडी असेपर्यंत बँडच्या सरावाच्या आवारात कुणी तोंड उघडायचं नाही. हा नियम अल्बननेच केला होता, आणि एकदा खोकला आला म्हणून एका धिप्पाड माणसाला त्याने फाटकाबाहेर काढलं होतं.

पहिला झटका आला तो नाताळच्या आधीच्या आठवड्यात, भरदुपारी. सकाळपासून डाव्या कानात कुणी ओला कापूस ठासल्यासारखं वाटत होतं. मग घरघर सुरू झाली. दूरवर कुठेतरी गिरणी चालावी तशी, पण ती गिरणी त्याच्याच डोक्यात होती. त्याने पिंपावर ठोका मारला, कान लावला, आणि सगळं आवार फिरायला लागलं. आंब्याचं झाड, पत्र्याचं छप्पर, समोर उभी माणसं, सगळं एका बाजूने सरकत जायचं आणि परत तिथेच यायचं. त्याने पिंप धरलं. पिंपही फिरत होतं. तो दोन पिंपांच्या मधे पडला आणि पडल्या पडल्या ओकला.

बँडचा कप्तान होलिस धावत आला. त्याने मास्तरला काखेत धरून उठवलं.

"काय हे मास्तर! भरदुपारी? नाताळला अजून आठवडा आहे की!"

आजूबाजूचे हसले. अल्बनने आईच्या मरणानंतर रमच्या थेंबाला हात लावला नव्हता. पण त्या हसण्यात त्याला सुटकेची वाट दिसली. भोवळ का आली ते त्याला ठाऊक नव्हतं, पण ती कानातून आली हे मात्र त्याला नक्की कळलं होतं.

"जरा जास्तच झाली रे आज," तो म्हणाला.

त्या दिवसापासून अल्बन गिटन्स दारुडा झाला. खिशात रमची चपटी बाटली आली, तिच्यात चहाचं कोरं पाणी. घरातून निघताना तो शर्टाच्या कॉलरवर खऱ्या रमचे चार थेंब शिंपडायचा. झटका आला की झोकांडी खायची, शिवी द्यायची, भिंतीला धरून बसायचं. लोक त्याला घरी पोचवायचे. चर्चमधल्या बायका त्याच्या बायकोकडे कीव आलेल्या नजरेने बघायच्या. दारुडा म्हणवून घ्यायला त्याला काही वाटत नव्हतं. बहिरा म्हणवून घ्यायला मात्र त्याची तयारी नव्हती.

बायकोला मात्र पहिल्याच दिवशी समजलं. युलाली चर्चमध्ये गाणारी बाई, नाकाने आणि कानाने सारखीच तिखट. तिने त्याचा शर्ट हुंगला, मग तोंड हुंगलं.

"शर्टाला वास आणि तोंडाला नाही. असली दारू मी पहिल्यांदाच बघते, गिटन्स. खरं काय ते बोल."

नवऱ्यावर राग असला की ती त्याला आडनावाने हाक मारायची. तिनेच त्याला ओढत शहरातल्या इस्पितळात नेलं.

तिथे एका लाकडी बाकावर अर्धा दिवस गेला. मग एका तरुण डॉक्टरने त्याच्या कानांवर यंत्र चढवलं, एकेक सूर वाजवला आणि कागदावर ठिपके काढले. उजव्या कानाचे ठिपके सरळ रेषेत गेले. डाव्या कानाचे खालच्या सुरांकडे जाता जाता घसरले.

"कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते," डॉक्टरने कागदावर शंख काढला. "तिच्यात पाणी असतं. तुमचं पाणी जिरत नाही, साठत राहतं. नळी आतून फुगते. दाब वाढला की घरघर होते आणि भोवळ येते. दाब उतरला की बरं वाटतं."

"म्हणजे बरं होतं."

"बरं वाटतं म्हणालो. प्रत्येक झटका जाताना थोडं ऐकणं सोबत घेऊन जातो. आधी खालचे सूर जातात."

"खालचे म्हणजे किती खालचे?"

"अगदी तळाचे."

अल्बनने त्या शंखाकडे बघितलं. "परत येतात का?"

"सुरुवातीला येतात. नंतर येत नाहीत." डॉक्टरने विचारलं, "एकच सूर दोन कानांना वेगवेगळा ऐकू येतो का कधी?"

अल्बन कागदावरचे ठिपके मोजत राहिला. गेला महिनाभर त्याला ते होत होतं. खर्जाचा एकच ठोका उजवीकडे एक बोलायचा आणि डावीकडे त्याहून उतरलेला, घसा बसलेल्या माणसासारखा. कोणाचं खरं धरायचं? तो इतकी वर्षं ज्याच्यावर विसंबला त्याचंच खरं धरणार ना.

डॉक्टरने मीठ बंद केलं, कॉफी बंद केली, पाणी उतरवायच्या आणि भोवळीच्या गोळ्या दिल्या. रम बंद करा म्हणाला तेव्हा युलाली फिसकन हसली. घरी आल्यावर तिने खारवलेला मासा शेजारी देऊन टाकला, अळूच्या पानांच्या कालवणात पडणारं खारं डुकराचं शेपूट बंद केलं. अल्बनला जेवण मातीसारखं लागायला लागलं. तो चिन्याच्या दुकानातून खारे आलूबुखार आणून खिशात दडवायचा आणि आवाराच्या मागे उभा राहून चोखायचा. जिभेला बरं वाटायचं. कान त्याची वसुली दोन दिवसांनी करायचा.

आता कुणी म्हणेल, उजवा कान धडधाकट होता, मग मान वळवून त्याने ऐकायला काय हरकत होती? हरकत एकच. चाळीस वर्षं ज्या मास्तरला आवाराने डावा कान लावताना बघितलं, त्याने एके दिवशी मान फिरवून उजवा लावला, तर लहान मुलालाही कळलं असतं. म्हणून तो लाजेपायी फुटका कानच पुढे करत राहिला. तो कान त्याला सांगायचा, सूर उतरलाय. अल्बन खालून ठोका मारून तो चढवायचा. कान म्हणायचा, अजून थोडा. तो अजून थोडा चढवायचा.

पहिल्यांदा हे बोलून दाखवलं ते ऑस्बर्टने.

ऑस्बर्ट त्याचा शिष्य. तीस-बत्तीस वर्षांचा, अबोल आणि डावखुरा. अल्बनने त्याला सगळं शिकवलं, आणि शिकवता शिकवता रोज एक टोमणाही मारला. "डाव्या हाताने ठोकलेला सूर डावाच निघतो रे बाबा. तू आपला सुतारकाम शिक." ऑस्बर्ट हसायचा आणि डाव्या हातानेच ठोकायचा. त्याला चांगलं जमायचं, हे अल्बनला ठाऊक होतं. तसं त्याने त्याला कधी सांगितलं नाही.

नाताळानंतर येणाऱ्या कार्निव्हलच्या, म्हणजे रस्त्यावरच्या नाचगाण्याच्या सणाच्या आधी, सगळे वाजवणारे भोवती उभे असताना, अल्बनच्या हातात हातोडी असताना, ऑस्बर्ट बोलला.

"मास्तर, तिसऱ्या पिंपाचा खालचा सूर चढलाय."

अल्बनने मान वर केली.

"कोण बोललं?"

"मी. तो सूर चढलाय, मास्तर. बाकीचेही चढलेत. मी यंत्र आणलंय, तुम्ही स्वतःच बघा."

त्याने पिशवीतून दिवे लुकलुकणारं, सूर मोजायचं एक यंत्र काढलं आणि पिंपाशेजारी ठेवलं. ठोका मारला. यंत्रावरच्या रेघा एका जागी थांबेनात, सरकतच राहिल्या. सगळ्यांनी बघितलं. अल्बननेही बघितलं. त्या रेघा सरकत होत्या, म्हणूनच त्याचा आवाज इतका चढला.

"माझ्या आधी ह्या टेकडीवर तुला नाक पुसायला कुणी शिकवलं होतं का रे? चाळीस वर्षं ह्या कानावर हा बँड उभा आहे, आणि तू मला डबड्याचे दिवे दाखवतोस? ते डबडं उचल आणि चालता हो. फाटकाच्या आत परत पाऊल ठेवलंस तर तंगडी मोडून हातात देईन!"

ऑस्बर्टने यंत्र पिशवीत घातलं. फाटकाशी तो एकदा थांबला, पण होलिसने मान हलवून त्याला जा म्हणून खुणावलं. तो खाली गावातल्या दुसऱ्या बँडकडे गेला. त्या वर्षी बेल व्ह्यूचा खर्ज कसा वाजला ते कुणी बोललं नाही, पण लोक मिरवणुकीत आमच्या गाडीच्या बाजूने चालायचे सोडून पुढच्या बँडमागे गेले.

पुढची दोन वर्षं मात्र नवल घडलं. खर्ज असा लागला की शहरातून माणसं नुसती ऐकायला यायची. अल्बन सकाळी सूर लावायचा, वाजवणारे काठ्या टेकवून बघायचे, आणि लगेच म्हणायचे, "गोड, मास्तर! साखर!" मग युलाली जेवणाचा डबा घेऊन यायची, त्याला घरी न्यायची, गोळी द्यायची. तो दिवेलागणीपर्यंत गाढ झोपायचा. दुसऱ्या दिवशी आवारात पाऊल टाकलं की पायांच्या तळव्यांना खर्ज जाणवायचा, आणि लोकांचे चेहरे उजळलेले दिसायचे. त्याला वाटलं, डॉक्टर पोरगा होता, पुस्तकातलं बोलला. चाळीस वर्षांचा कान थोड्या पाण्याने मरत नाही. तो ऑस्बर्टला नावं ठेवायला लागला. "डबडेवाला काय म्हणतो? अजून रेघाच बघतोय का?" ह्यावर लोक मान खाली घालून हसायचे. ते का हसतात, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत त्याने एका शुक्रवारी खर्जाचे चारही संच लावले, नेहमीसारखा घरी जाऊन झोपला, आणि शनिवारी उठला तो डाव्या कानात घरघरीशिवाय काहीच नव्हतं. आधी झटके यायचे, जायचे, कान थोडा उघडायचा. ह्या वेळी तो उघडला नाही. रविवार गेला. तो उजवा कान उशीत दाबून पडला असताना युलाली डाव्या बाजूला उभी राहून भांडं आपटत होती, ते त्याला नुसतं दिसलं.

सोमवारी सकाळी, अजून कुणी आलं नसताना, तो आवारात गेला. शुक्रवारचं काम तपासायचं होतं, पण कान काही सांगेना. त्याने उजवा कान लावावा म्हणून मान वळवली, आणि आजूबाजूला कुणी नसतानाही त्याला धीर झाला नाही. मग त्याने बोटांना विचारायचं ठरवलं. सुराची कड कुठे आहे, पत्रा कुठे ताणलाय, हे बोटांनाही थोडं कळतं. पिंप आडवं करून त्याने उघड्या बुडातून हात आत घातला आणि पत्र्याच्या पाठीवरून बोटं फिरवली.

त्याचे स्वतःचे ठोके त्याला ओळखू यायचे. उजव्या हाताचा ठोका किंचित तिरपा पडतो आणि एका अंगाला उतरतो. ते खाली होते, दबलेले. त्यांच्यावर दुसरे ठोके होते, ताजे, बारीक, नेटके, आणि सगळे उलट्या अंगाला उतरलेले. डाव्या हाताचे.

त्याने दुसरं पिंप पालथं केलं. मग तिसरं. मग उरलेली सगळी. प्रत्येकात तेच.

तो पिंपांच्या मधे खाली बसला. गोड, मास्तर. साखर. दोन वर्षं आख्खा बँड त्याच्या तोंडावर म्हणत होता, आणि तो गोडवा दुसऱ्याच्या हातचा होता. त्याला लाज नंतर वाटली. आधी राग आला.

पण पिंपं बनवणारा माणूस होता तो. राग गिळून त्याने तिसरं पिंप परत हाताशी घेतलं, कारण बोटांना आणखी काहीतरी लागलं होतं. सगळ्यात खालच्या सुराच्या कडेला केसाएवढी चीर होती, आणि तिच्याभोवतीचा पत्रा मऊ पडला होता. लोखंड थकतं. एक सूर लावायला दहा ठोके पुरे असतात. इथे दर वर्षी अल्बन तीस ठोक्यांनी बिघडवत होता आणि ऑस्बर्ट तीस ठोक्यांनी सुधारत होता. वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने घडवलेली पिंपं तो त्याच हाताने मारत होता, आणि कुणी अडवत नव्हतं.

घरी युलाली पायरीवर बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती. तो तिच्या डावीकडे बसला, म्हणजे त्याचा उजवा कान तिच्याकडे आला.

"किती दिवस चाललंय?"

"काय?"

"ऑस्बर्ट."

तिने हातातली शेंग सोलून पुरी केली. "दोन कार्निव्हल. हे तिसरं."

"तू मला गोळी द्यायचीस आणि तो यायचा."

"हो."

"मी झोपलेला असताना, चोरासारखा माझ्या आवारात..."

"चोर काहीतरी घेऊन जातो, अल्बन. तो तुझी हातोडी पुसून जागेवर ठेवून जायचा."

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"कुणाला ठाऊक नाही ते विचार, लवकर होईल."

"आणि दारूचं?"

युलालीला हसू आलं आणि त्याच वेळी तिचे डोळेही भरले. "अरे बाबा, पहिल्याच वर्षी होलिसने तुझी बाटली चोरून पिऊन बघितली. तेव्हापासून ही टेकडी एका धडधाकट माणसाला चहा पिऊन झोकांड्या खाताना बघतेय. पोरंसुद्धा हसत नाहीत आता."

अल्बनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याच्या कानात गिरणी चालू होती.

"मग बोलला का नाहीत कुणी? तोंडं शिवली होती का सगळ्यांची?"

"कुणी बोलायचं?" ती एकदम फिरली. "एक बोलला, त्याची तंगडी मोडायला निघालास. हातोडी हातात असली की तोंड उघडायचं नाही, हा नियम माझ्या बापाने केला होता का? लोकांनी तुझा नियम पाळला, गिटन्स. तुझ्यावर माया होती म्हणून पाळला. मला विचारशील तर फार वाईट केलं त्यांनी. मीही केलं."

"तिसरं पिंप फुटलंय," तो म्हणाला.

युलालीने शेंगा बाजूला सारल्या. तिने सोललेले दाणे त्याच्यापुढे ठेवले, पण त्याने हात लावला नाही.

पुढचे अकरा दिवस तो आवारात गेला नाही. झटका आलाय असं युलालीने सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. ह्या अकरा दिवसांत त्याने आलूबुखार चोखले नाहीत, गोळ्या वेळेवर घेतल्या, बिनमिठाचं मुकाट्याने जेवला. कान उघडेल अशी वेडी आशा त्याला होती. एका सकाळी घरघर जरा कमी झाली, तेव्हा त्याने उजव्या कानात बोट खुपसलं, काठीने न्हाणीच्या पत्र्यावर ठोका मारला आणि डावा कान लावला. पत्रा थरथरताना दिसला. ऐकू काहीच आलं नाही.

मग कार्निव्हलमधल्या बँडांच्या अंतिम स्पर्धेच्या आधीचा शनिवार उजाडला. ह्या दिवशी मास्तर सगळ्या बँडमधून एक शेवटचा फेरा मारतो आणि सूर एकमेकांत मिसळून देतो. सगळे वाजवणारे आपापल्या वाद्याशी काठ्या काखेत धरून उभे राहतात. अल्बन फाटकातून आत आला तेव्हा बोलणं तोडल्यासारखं थांबलं. होलिसने हातोडी पुढे केली. होलिसच्या कपाळावर घाम होता. हा माणूस आज सगळं बिघडवणार, आणि आपण ते बघत उभं राहणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. अल्बनला ते पहिल्यांदाच वाचता आलं.

टिपेच्या वाद्यांवरून तो नुसती बोटं फिरवत गेला, मान डोलावत गेला. मग खर्जाशी आला. पहिलं पिंप आडवं करून त्याने दोन्ही हात आत घातले. तिथे त्याने डाव्या हाताचा अंगठा पत्र्यावर ठेवला आणि हातोडी अंगठ्यावर मारली. मग कान लावला, नेहमीचा, डावा. घरघर. मान हलवली. परत एक ठोका, परत अंगठ्यावर. असं एकेक करत चोवीस पिंपं. बाहेर उभ्या असलेल्यांना फक्त त्याची पाठ दिसत होती आणि खांद्याची हालचाल. पत्र्याला त्याने एकदाही लोखंड लागू दिलं नाही. सोळाव्या पिंपानंतर त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्याने बाहीने पुसलं.

"झालं," तो शेवटी म्हणाला.

खर्जवाल्याने भीत भीत काठी उचलली आणि वाजवलं. वाजवता वाजवता त्याचे हात थबकले. त्याने होलिसकडे बघितलं, होलिसने त्याच्याकडे. सूर जागेवर होते.

"गोड, मास्तर," अखेर होलिस म्हणाला आणि त्याने कपाळावरचा घाम पुसला.

युलाली डबा घेऊन आली. घरी गेल्यावर तिने गोळी दिली. अल्बनने ती टेबलावर ठेवली आणि दाराशी खुर्ची टाकून बसला. ऊन कलायला लागलं तेव्हा ऑस्बर्ट टेकडीच्या वाटेने वर येताना दिसला, खांद्याला पिशवी. पिंपांना नवा एकही ठोका लागलेला नाही, हे बघून तो आवारातूनच आला होता. पायरीशी, अल्बनच्या डावीकडे, तो उभा राहिला आणि हळूच काहीतरी बोलला. त्याचे ओठ हलले, एवढंच.

"इकडे ये," अल्बनने उजवीकडचं स्टूल दाखवलं. "तिकडे कुणी राहत नाही आता."

ऑस्बर्ट येऊन बसला. त्याची नजर म्हाताऱ्याच्या हाताकडे गेली. अंगठा काळानिळा होऊन लिंबाएवढा सुजला होता.

"मास्तर, हे काय झालं?"

"सूर चढला होता. उतरवला."

ऑस्बर्टला सगळं कळलं. त्याने मान खाली घातली आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. अल्बनने त्याला रडू दिलं. त्याची समजूत घालायचं बळ अल्बनमध्ये नव्हतं.

"तिसऱ्या पिंपाचा खालचा सूर गेला," जरा वेळाने तो म्हणाला. "त्याला हात लावू नकोस. होलिसला सांग, त्या सुराशिवाय वाजवा. ते मी मारलं, तुझ्यावर बोल येणार नाही. बाकीच्यांचं बघ."

"आत्ता?"

"आत्ता. सगळे आहेत तिथे. आणि मागच्या कुंपणावरून उडी मारून जाऊ नकोस. पुढच्या फाटकाने जा."

ऑस्बर्ट उठला. अल्बनने त्याच्या पिशवीकडे बोट दाखवलं. "हातोडी तुझीच वापर. माझी मूठ उजव्या हाताची आहे, तुला बसायची नाही." मग, वाटेकडे बघत, जणू कुणा तिसऱ्यालाच सांगावं तसं म्हणाला, "डाव्या हाताचं काम चांगलं असतं तुझं. पहिल्यापासूनच होतं."

तो गेला. युलाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आवार घरापासून हाकेच्या अंतरावर, पण डोक्यातल्या घरघरीत अल्बनला आता लांबची हाकही ऐकू येत नव्हती. त्याने खुर्ची सरकवली, उजवा कान उताराकडे केला, आणि लपवलं नाही. तरीही घरघरीतून काही वेगळं काढता येईना.

"लागला का कामाला?" त्याने विचारलं.

"हो, ठोकतोय," युलाली त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली.

तो थांबला. सुजलेला अंगठा त्याने गुडघ्यावर उताणा ठेवला होता.

"अजून ठोकतोय?"

"नाही. मगाशीच थांबला."

"मग बरोबर आहे," अल्बन म्हणाला. "ह्या वर्षी थोडकेच ठोके लागणार होते."